लागोसच्या आंटींना, कोंबडीच्या आईकडून

प्रिय आंटी,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, माहीत आहे. इंग्रजीत आभार मानले तेव्हा तुम्ही हसण्यावारी नेलंत. म्हणून आता आमच्या माणसांसमोर लिहिते. त्यातल्या काहींनी हे वाचायलाच हवं.

माझी लेक बोलताना अडखळते. नायजेरियाला येण्याआधीच्या शाळेत स्नेहसंमेलनात तिला झाड केलं होतं. झाडाला वाक्यं नसतात ना! वर ऐकवलं, "तिचीच फजिती होईल हो." काळजी कसली, कार्यक्रम बिघडायची धास्ती!

तुम्ही सोसायटीतल्या पोरांना घेऊन तुमच्या योरुबा लोकांची सृष्टीच्या जन्माची गोष्ट नाटकात बसवलीत. खाली नुसतं पाणी. ओबाताला हा देव आभाळातून सोन्याच्या साखळीवरून उतरतो, गोगलगाईच्या शंखातली वाळू ओततो आणि पाच बोटांची कोंबडी ती विस्कटते. वाळू पडेल तिथे जमीन, तेच तुमचं पवित्र शहर इले-इफे. मग जमीन टणक झाली का, हे बघायला रंग बदलणारा सरडा येतो. कोंबडी आणि सरड्याची दोस्ती ही तुमची भर. कोंबडी आमची, सरडा तिसऱ्या मजल्यावरचा.

घाबरलेल्या सरड्याला धीर द्यायचं वाक्य तुम्ही मुद्दाम कोंबडीला दिलंत. तालमीत ती पहिल्याच अक्षरावर अडकली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. तुम्ही कुणाला दटावलं नाहीत, तिला शब्दही पुरवला नाहीत. डोक्याला गुंडाळलेलं कडक कापड, तुमचा तो 'गेले', सावरत सरळ फरशीवर गुडघे टेकलेत आणि दोन्ही हातांनी कोंबडीसारखं उकरायला लागलात. तुमच्याकडे पोरींनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे असतात. इथे साठी उलटलेल्या तुम्ही माझ्या पोरीपुढे! हसणारी पोरंही उकरायला लागली. त्या गोंधळात तिचं वाक्य आलं. अडखळतच आलं, पण पुरं आलं. सरड्याने पाऊल टाकलं.

मी दारात उभी राहून रडले, हे तुम्ही पाहिलंत आणि न पाहिल्यासारखं केलंत. त्याचेही आभार. एखाद्याला थोडा वेळ द्यायला फार मोठं मन लागतं असं नाही, पण तेवढंही किती जणांना जमत नाही! तुम्हाला मात्र आपण काही केलं असं वाटतच नाही.

मोज्यांवर तुम्ही शिवून दिलेली पिवळी बोटं अजून शाबूत आहेत. नाटक कधीच संपलं, पण ती मोजे धुवायला देत नाही. वास यायला लागलाय. आता तुम्हीच मागून घ्या, माझं ती ऐकत नाही.

तुमची,
कोंबडीची आई