तांबट काकांना, माथेरानच्या बॉयलरबद्दल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नेरळ-माथेरानच्या इंजिनाच्या आमच्या प्रतिकृतीचा बॉयलर पाण्याच्या चाचणीत ११ किलोचा दाब सोसून कोरडा राहिला. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते कुठल्याही नकाशावर लिहिलेलं नसतं आणि वाफेची छोटी इंजिनं करणाऱ्या दुसऱ्यांनाही ते लागणारच आहे.

त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवर चालते आणि तिची पहिली इंजिनं जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची. आमचं इंजिन पाच इंची रुळांवरचं, म्हणजे प्रमाण १:४.८. पुण्यात छोटी रेल्वे म्हटलं की कोथरूडचं जोशी संग्रहालय आठवतं, पण तिथल्या गाड्या विजेवर धावतात. इथे खरा कोळसा, खरी वाफ. चाकं, सिलिंडर, क्रॉसहेड हे सगळं लेथवर होतं आणि छोटी इंजिनं करणाऱ्या आमच्या क्लबात लेथवाले पुष्कळ. तांब्याचा जाड पत्रा ठोकून वळवणारा मात्र एकही नव्हता. म्हणून तुमच्याकडे, कसबा पेठेत, तांबट आळीत आलो.

नकाशा बघून तुम्ही म्हणालात, "हा तर आडवा केलेला बंब." अगदी खरं आहे. मधे विस्तव, भोवती पाणी. फरक इतकाच की बंबात दाब साठत नाही आणि इथे ५.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर रोज काम करायचं. त्यामुळे सपाट पत्रे फुगू नयेत म्हणून आतबाहेर आधार द्यावे लागतात आणि सांधा नुसता गळका नसून चालत नाही, तो ताकदीचाही लागतो.

सगळ्यात जास्त आभार नळ्यांच्या पत्र्याबद्दल, म्हणजे विस्तवाचा धूर नेणाऱ्या नळ्या ज्याच्या छिद्रांत बसतात त्या चकतीबद्दल. बॉयलरचं नळकांडं बाहेरून १२५ मि.मी., पत्रा ३ मि.मी., म्हणजे आतला व्यास ११९. त्यात बसणाऱ्या पत्र्याची कड काटकोनात वळवायला साचा ११९ वजा दोनदा ३, म्हणजे ११३ मि.मी.चा. साधं १२ मि.मी. जाडीचं लोखंड चालतं, पण कडेला ३ मि.मी.ची गोलाई हवीच. धारदार कडेवर पत्रा नेमका वळणात पातळ होतो आणि पुढे तिथेच चिरतो. चकती १४० मि.मी.ची कापायची, साचा आणि मागची पट्टी यांमध्ये शेगड्यात (बाकावरच्या व्हाइसमध्ये) आवळायची आणि लाकडी मोगरीने कडेकडेने फिरत ठोकायचं. एका फेरीत १५-२० अंशच. घाई केली की कडेला चुण्या पडतात. चुणी उभी आहे तोवर तिला ठोकून बसवता येते. एकदा ती स्वतःवर दुमडली की चकती भंगारात. शेवटी कड लेथवर छाटून १२ मि.मी. ठेवायची.

आणि प्रत्येक फेरीनंतर तापवणं. तांबं ठोकून कडक होतं आणि मोगरीचा आवाज बद्द होता तो खणखणीत होतो, हे तुम्ही कानाने ओळखायला शिकवलंत. आवाज बदलला की थांबायचं, सावलीत जेमतेम दिसेल इतका मंद लाल रंग येईपर्यंत (सुमारे ६०० अंश) तापवायचं. मग पाण्यात बुडवलं काय, हवेत ठेवलं काय, मऊपणा तोच. पोलादाची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. बुडवण्याचा फायदा एवढाच, की वरची काळी पापुद्री सुटून जाते.

सांध्यांबद्दल मात्र तुमचं आमचं थोडं जमवून घ्यावं लागलं. तुमचा नेहमीचा टाकणखार पितळी डागाला उत्तम, पण तो वितळतोच ७४० अंशांच्या आसपास. सांधे जोडायला आम्ही वापरली ती ५५ टक्के चांदीची तार ६३० ते ६६० अंशांतच वाहते. म्हणजे तार वाहायला तयार आणि टाकणखार अजून खडबडीत. तिला टाकणखाराच्या जागी फ्लोराइडचा फ्लक्स (तापताना सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लागतो आणि त्याच्या वाफा वाईट, म्हणून काम उघड्यावर. तार कॅडमियम नसलेलीच घ्यावी. आणखी एक सावधगिरी: एसीवाले नळ्यांना वापरतात ती फॉस्फरसची काडी स्वस्त आणि सोपी, पण कोळशाच्या धुरातला गंधक तो सांधा खातो. विस्तवाच्या बाजूला ती अजिबात नको.

फट ०.०५ ते ०.१५ मि.मी. हवी. नळी छिद्रात घट्ट बसली तर चांदी आत शिरतच नाही. वरून सुंदर दिसणारा सांधा आतून कोरडा राहतो आणि हे फक्त दाबाखाली कळतं. कडेवर पंचने तीन-चार टिंबं उठवून फट राखायची तुमची युक्ती आता क्लबात सगळे वापरतात.

तांबं उष्णता इतक्या झपाट्याने पसरवतं, की एका बर्नरने सांधा तापतच नाही. ऑक्सिअ‍ॅसिटिलीनची बारीक ज्योत त्याहून वाईट, कारण ती तेवढ्याच जागी तांबं वितळवून भोक पाडते. तुमच्या भट्टीत लोणारी कोळशावर अख्खा बॉयलर तापवून, वरून गॅसचा मोठा बर्नर फक्त सांध्यावर धरला तेव्हा काम झालं. तार ज्योतीत धरायची नाही, सांध्याला टेकवायची. सांध्याच्या उष्णतेने वितळली तर ती आत ओढली जाते, ज्योतीने वितळली तर गोळी होऊन वर बसते. फ्लक्स काळा पडला की तिथे चांदी धरणार नाही. तापवत राहू नये. थंड करून, साफ करून, नवा फ्लक्स लावावा.

क्रमही महत्त्वाचा. आधी अग्निपेटी, तिला नळ्या, मग ते सगळं बाहेरच्या कवचात, मग तळाची चौकट, आधाराच्या सळ्या, शेवटी मागचा पत्रा. आतल्या सांध्यांना कमी चांदीची, जास्त तापमानाला वितळणारी तार, बाहेरच्यांना ५५ टक्क्यांची. म्हणजे दुसरा सांधा करताना पहिला सुटत नाही. नळ्या बाहेरून १२, आतून १० मि.मी., लांबी २५४. याहून बारीक केल्या तर धुराची ओढ मंदावते, जाड केल्या तर उष्णता धुराड्यातून निघून जाते. वॉल्व्ह बसवायचे बुश (आटे पाडलेली कडी) गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि आटे भुसभुशीत होतात. धुवायला गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, पण बॉयलर आधी गार होऊ द्यायचा.

चाचणी पाण्याचीच, हवेची कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा गेला तर नुसतं गळतं. दाबलेली हवा बॉयलर फोडते. सगळी हवा काढून काठोकाठ भरायचं, प्लंबरच्या हातपंपाने हळूहळू कामाच्या दाबाच्या दुप्पट न्यायचं, अर्धा तास ठेवायचं. अग्निपेटीच्या बाजूंना डायल गेज लावायचं, म्हणजे पत्रा किती फुगला ते काट्यावर दिसतं. दाब सोडल्यावर काटा शून्यावर आला नाही तर आधार कमी पडलेत. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी बॉयलरच्या कायद्यात येत नाहीत. आमच्यात पाच लिटरही मावत नाहीत. तपासायला कुणी निरीक्षक येणार नाही, म्हणूनच ही तपासणी जास्त कडक करायची.

काका, मजुरी घ्यायला तुम्ही तयार नाही, तेव्हा एवढं तरी ऐका. ११३ मि.मी.चा साचा, मागची पट्टी आणि अग्निपेटीचे दोन साचे तुमच्याच दुकानात ठेवतोय, तेल लावून. ज्याला हा बॉयलर करायचा असेल त्याने तिथूनच न्यावेत आणि चकत्याही तुमच्याकडूनच कापून घ्याव्यात, योग्य दाम देऊन.

आपले,
क्लबातले सगळे