तळमजल्यावरच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

जिन्यात भेटलं की मी 'थँक्यू हं बाई' म्हणते आणि तुम्ही 'कसलं गं' म्हणून हात झटकता. म्हणून सुट्टीत माझ्या लेकीसाठी जे केलंत त्याबद्दल हे पत्र, चार लोकांनी वाचावं असं उघड्यावर.

एप्रिलमध्ये बालवाडीला सुट्टी लागली. माझं काम घरून, लेक साडेचार वर्षांची, धाकटा दोनाचा. पहिला आठवडा मोबाइलवर गेला आणि मला दिवसभर टोचणी. मग 'माँटेसरी सेट' म्हणून, म्हणजे मुलांनी हाताने करत शिकायच्या साधनांची, १,८०० रुपयांची लाकडी पेटी मागवली. आमच्या छोट्या बाईसाहेबांनी खोक्याचं घर केलं, सगळं सामान त्यात कोंबलं आणि वर स्वतः बसल्या. तुम्ही केवढ्या हसलात तेव्हा!

मग माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून ताटात मांडलंत: छोटा तांब्या, तुमच्याकडचे काचेचे दोन पेले, घडी घातलेलं फडकं. दोन्ही पेल्यांना मध्यावर लाल दोरा, तिथपर्यंतच भरायचं. दोन दिवस तांदूळ, मग पाणी. मी म्हटलं, काच कशाला, स्टीलचं देऊ की. 'स्टील आपटलं तरी काही होत नाही, मग ती जपेल कशाला?'

तिसऱ्या दिवशीचं विसरत नाही. जिभेचं टोक बाहेर, डोळे दोऱ्यावर, आणि पाणी भळकन सांडलं. मी उठायच्या आत तुम्ही माझं मनगट धरलंत. तिने पाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, फडकं घेतलं. पुसलं म्हणजे पसरवलंच. पिळलं. पुन्हा ओतायला बसली. सतरा वेळा! मी 'शाबास' म्हणणार तोच तुम्ही डोळे वटारलेत. 'सारखं शाबास करू नकोस, तंद्री मोडते तिची.'

चहा पिताना तुम्ही रोमच्या सॅन लोरेंझो वस्तीतली गोष्ट सांगितलीत. ही पद्धत काढणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाईंनी १९०७ साली तिथे बालगृह सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवत होती. भोवती मुलांना गायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम चालूच. चाळीसहून जास्त वेळा. मला माझी सतरावाली आठवली आणि आपण तिला दिवसातून कितीदा 'चल, आटप' म्हणतो तेही.

पेटीचे पैसे वाया गेले म्हणून मी हळहळत होते, तेव्हा तुम्ही कोसबाडच्या तुमच्या बालवाडी-प्रशिक्षणाच्या दिवसांचा विषय काढलात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये त्याच भागातल्या बोर्डी गावी गेल्या. परदेशी साधनं खेड्यातल्या बालवाडीला परवडणार कुठून? मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. तुम्ही आमच्याकडे तेच केलंत. पॉलिश पेपरची अक्षरं कापायला बसले होते, तर तुम्ही परातीत रवा पसरून बोटाने 'ग' काढलात. आमच्या आजीची धूळपाटी हो ती!

चवळी-राजमा-मसूर वेगळं करायचा डाव मात्र माझ्यामुळे फसला. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दाणे खाली ठेवायचे नाहीत, हे तुम्ही बजावलं होतं. धाकट्याने मसूर नाकात घातला आणि डॉक्टरांकडे पळापळ झाली. राक्षसाच्या गोष्टी सहा वर्षांपर्यंत नकोत, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटलेलं नाही. रात्री आम्ही गुपचूप राक्षसाची गोष्ट काढतो.

मे महिन्यात गच्चीवर सांडगे घालताना तिच्यासाठी वेगळा कागद टाकलात. तिचे सांडगे बोराएवढे, काही लिंबाएवढे. मी एकही सारखा केला नाही. हे मला आपणहून जमलं, एवढं तरी मान्य करा! लिंबाएवढे वाळायला चार दिवस जास्त लागले, पण तळल्यावर तिने ओळखून काढले.

दोनांतला एक पेला फुटला हे तिनेच तुम्हाला येऊन सांगितलं, मला नंतर कळलं. त्याच्या बदली आणलेला सोबत पाठवतेय. उरलेला मात्र एवढ्यात मागू नका. शाळा सुरू झाली तरी रोज सकाळी ती त्यातून तुळशीला पाणी घालते, बरोबर दोऱ्यापर्यंत भरून.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची