सेनापती, मंत्री आणि आकडे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, युद्धातलं सेनापतींना कळतं, मंत्र्यांनी त्यात पडू नये, हे तुमचं म्हणणं. आईचं अगदी उलट. मला वाटतं, वाद व्हायलाच हवेत. फक्त ते बंद दाराआड आणि आकड्यांनिशी व्हावेत.

कोरियन युद्धातल्या तुमच्या लाडक्या अमेरिकी सेनापतीचं, मॅकआर्थरचंच बघा. सप्टेंबर 1950 मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर इंचॉनला फौज उतरवायला वॉशिंग्टनचे लष्करप्रमुखही कचरत होते. भरती-ओहोटीत जवळपास 30 फुटांचा फरक, आणि ओहोटीला नुसता चिखल. त्याने हट्टाने मोहीम केली, जिंकली, आणि मग त्याचा शब्द कोणी खोडेना. नोव्हेंबरअखेर चिनी फौजांनी मोठा हल्ला चढवल्यावर त्याला चीनमधले तळ उडवायचे होते, नाकेबंदी करायची होती, तैवानचं सैन्य आणायचं होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनला लढाई कोरियाबाहेर जाऊ द्यायची नव्हती; रशिया उतरला तर युरोप कोण सांभाळणार? इथपर्यंत दोघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. पण धोरणाबद्दल परवानगीशिवाय बोलू नये, असा आदेश डिसेंबरातच निघाला होता. तरी 24 मार्च 1951 ला, ट्रुमन शस्त्रसंधीची जुळवाजुळव करत असताना, त्याने परस्पर चीनला धमकावणारं निवेदन काढलं. 5 एप्रिलला त्याचं विरोधी पक्षाच्या नेत्याला लिहिलेलं पत्र संसदेत वाचलं गेलं. 11 तारखेला त्याला काढलं. लोक ट्रुमनवर भडकले. सिनेटच्या सुनावणीत मात्र लष्करप्रमुख ट्रुमनच्याच बाजूने बोलले.

1962 मध्ये आपल्याकडे चूक दुसऱ्या बाजूने झाली. चीन सीमेवरच्या थागला कड्यावरून चिन्यांना हुसका, असा हुकूम दिल्लीहून सुटला. कोअर कमांडर उमरावसिंग यांनी आधी रसद, तोफा, गरम कपडे मागितले, तर नेफाची (आताच्या अरुणाचलची) जबाबदारीच त्यांच्याकडून काढून जनरल कौल यांना दिली. विमानातून टाकलेलं बरंचसं सामान दऱ्यांत गेलं. सुती गणवेशातले, उंचीची सवय नसलेले जवान नामका चू नदीकाठी, म्हणजे समोरच्या चढावरून सरळ दिसतील अशा जागी बसवले. 20 ऑक्टोबरला चिन्यांनी हल्ला केला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली.

विरोध कसा मांडावा, हे 1971 मध्ये दिसलं. एप्रिलच्या बैठकीत पूर्व बंगालात लगेच शिरायला आपण नकार देऊन मुदत मागितली, ही लष्करप्रमुख माणेकशा सांगत ती हकिगत काही इतिहासकारांना रंगवलेली वाटते, पण त्यातला हिशेब पक्का आहे. पावसाळ्यात पूर्व बंगालातल्या नद्या फुगतात आणि रणगाडे रुततात. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद, म्हणजे चीनची धास्ती कमी. नुसतं ‘जमणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक महिन्यात, एवढ्या तयारीनंतर जमेल’ असं सांगितलं की मंत्र्यांना निर्णय घेता येतो.

आई, तुझा मुद्दाही सोडत नाही. सेनापतीचे आकडे फुगलेलेही असतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, सप्टेंबर 1862 मध्ये अँटिएटमला दक्षिणेच्या ली याच्याकडे 40 हजारांच्या आसपास सैनिक असताना उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन ते लाखावर धरून चालला, आणि लढाईनंतरही महिनाभराहून जास्त काळ जागचा हलला नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकन मात्र तारघरात बसून आघाडीवरच्या तारा स्वतः वाचायचा. ऑक्टोबरात तो छावणीत जाऊन सैन्य बघूनही आला. नोव्हेंबरात त्याने मॅक्लेलनला घरी पाठवलं.

तुमची,
लेक