नेतृत्वाचा अभ्यासक्रम: वागणे बदलते का, ते कोण तपासते?

महोदय,

नेतृत्व विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. शुल्क, कालावधी, मानांकन, प्रवेशाच्या अटी असे सगळे त्यात आहे. पण प्रवेश घ्यावा की नाही या विचारात असलेल्या माझ्यासारखीचा मुख्य प्रश्न राहूनच गेला. तिथे शिकून माणसाचे वागणे बदलते का आणि ते बदलल्याचे कोण तपासते?

मी रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. रात्रपाळीला माणसे कमी असताना ड्युटी कशी लावायची, नव्या मुलीच्या हातून औषध चुकले तर तिने ते न लपवता लगेच येऊन सांगावे यासाठी वॉर्डात कसे वागायचे, वरिष्ठ डॉक्टरांना ‘हे चुकतंय’ हे कुणासमोर आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मला शिकायचे आहे. हातात आलेली माहितीपत्रके मात्र माजी विद्यार्थ्यांच्या समाधानाने भरलेली असतात.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. शिकणाऱ्याला ते आवडले का, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का आणि त्यामुळे कामाच्या फलितात काय फरक पडला. समाधानाचे अभिप्राय ही यातली फक्त पहिली पायरी. एका संस्थेत मी विचारले, तुमच्या विद्यार्थ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांशी तुम्ही कधी बोलता का? उत्तरादाखल मला पगारवाढीचे आकडे ऐकवण्यात आले. मला त्याचे फार वाईट वाटले. नेता चांगला की वाईट, हे सर्वांत आधी त्याच्या हाताखालच्यांनाच कळते.

म्हणून माझे इतर इच्छुकांना सांगणे आहे की विषयांच्या यादीआधी मूल्यमापनाची पद्धत मागा. निबंध आणि सादरीकरण यांवरच सगळे गुण असतील, तर तपासले जाते ते लिहिणे-बोलणे. स्वतःच्या कामाच्या जागी एखादा खरा प्रश्न हाती घ्यावा लागतो का? सहकाऱ्यांचे मत सुरुवातीला आणि पुन्हा काही महिन्यांनी घेतात का? नेत्याच्या अंगच्या गुणांच्या याद्या पाठ करून भागत नाही. केवळ ठरावीक गुण अंगी असल्याने कुणी नेता होत नाही, परिस्थितीही तेवढीच महत्त्वाची असते, हे नेतृत्वाचे अभ्यासक राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. हार्वर्डमध्ये शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ तर वर्गालाच अभ्यासाचा विषय करतात. कोण बोलतो, कोण गप्प बसतो, कुणाचे म्हणणे टाळले जाते, हे तिथल्या तिथे तपासले जाते. शक्य असेल तर एक तास वर्गात बसू द्या म्हणावे. नकार मिळाला, तर त्याचे कारणही विचारावे.

आपल्याला विनंती, पुढच्या पुरवणीत शुल्काच्या तक्त्याशेजारी प्रत्येक अभ्यासक्रमाची मूल्यमापनाची पद्धतही छापावी. आणि माजी विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या हाताखालच्या दोघा-तिघांशीही आपल्या प्रतिनिधींनी बोलावे.

– एक इन्चार्ज सिस्टर