पत्रा चढवण्याआधी विचार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल लागला की आपल्या अंकात रोज तापमानाचा तक्ता येतो आणि त्यात आमचा अकोला जिल्हा वरच्या ओळीत असतो. तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. पत्र्याखाली दिवसभर वेल्डिंग करणाऱ्याच्या डोक्यावर किती तापते, हे कुठेच छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

अकोटजवळ माझे 30 बाय 50 फुटांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, तिफणी, रोटाव्हेटरची दुरुस्ती, एक लेथ (लोखंड फिरवून कातायचे यंत्र) आणि चार माणसे. एका मे महिन्यात दुपारी अडीचला मी तापमानाच्या गनने पत्र्याची खालची बाजू मोजली. चकचकीत पत्र्यावर ही गन फसते, कमी आकडा दाखवते. म्हणून आधी पत्र्याला काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि टेपवर नेम धरला. 67 अंश भरले. बाहेर 44 होते. एवढा तापलेला पत्रा वरून सरळ अंगावर धग टाकतो. पंख्याने ती अडत नाही, पंखा नुसती गरम हवा फिरवतो.

त्याच्या आधी एक चूक करून बसलो होतो. दुकानदाराने थर्माकोल सुचवला. स्वस्त, हलका, एका दिवसात चिकटवून होतो. पहिला उन्हाळा खरेच बरा गेला. मग कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, पंख्याचा हूक वेल्ड करताना एक ठिणगी पत्रा आणि थर्माकोलच्या फटीत शिरली. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि पेटला की वितळून जळते थेंब गाळतो. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या मुलाच्या खांद्यावर दोन थेंब पडले. आम्ही आधी गॅसची टाकी ओढत बाहेर नेली, मग वाळू आणि पाणी. शेड वाचली, पण त्या पोराच्या खांद्यावरचे डाग आजही तसेच आहेत आणि ते दिसले की मला तोंड वर करवत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो : जिथे वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग चालते तिथे छताखाली उघडा थर्माकोल किंवा उघडा पफ (पॉलियुरेथेन फोम) नको. पफ उष्णता सर्वांत चांगली अडवतो हे खरे, पण जळताना त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. सिल्व्हर पेपरची बबल शीटही आतून प्लास्टिकच. शिवाय तिचा गुण सगळा चमकेत आणि चमकेसमोरच्या मोकळ्या हवेत. वेल्डिंगच्या धुराने चमक काळवंडली की पैसे गेले.

शेवटी रॉकवुल घेतले. दगड वितळवून काढलेली ही लोकर हजार अंशांपर्यंतही वितळत नाही. 50 मिलिमीटर जाडी, घनता घनमीटरला 48 किलो, खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल. वजन चौरस मीटरला अडीच किलोच्या आत, म्हणजे माझ्या अख्ख्या छताला साधारण 335 किलो. कैच्यांना ते सहज पेलले. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग दिला. नुसता चुना पहिल्या पावसात वाहून जातो. माथ्यावर वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारे दोन टर्बो व्हेंटिलेटर बसवले. पुढच्या मेमध्ये तशीच टेप फॉइलला चिकटवून मोजले : 46. ग्लासवुल याहून स्वस्त पडते आणि त्याची लोकरही पेटत नाही, पण त्याच्या पाठीचा कागद पेटणारा नाही ना, हे पाहूनच घ्यावे.

हिवाळ्याचा फायदा मी धरलाच नव्हता. डिसेंबरच्या निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही गार पडतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरते. पूर्वी सकाळी लेथच्या बेडवर थेंब पडलेले असायचे आणि तेल पुसले गेले असेल तिथे गंजाचे ठिपके. आता बेड कोरडा असतो. मात्र फॉइलचे जोड टेपने नीट बंद हवेत. नाहीतर ओल आत शिरते, लोकर भिजून लोंबते आणि वरून पत्रा गंजतो.

मला सर्वांत जास्त त्रास झाला तो हे सगळे नंतर करताना. शेड बांधतानाच पर्लिनवर (कैच्यांवरच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) जाळी अंथरून, लोकर पसरून, वर पत्रा आवळला असता तर दोन दिवसांचे काम होते. मला अर्धे पत्रे उतरवावे लागले. छपराने आतले तापमान शक्य तितके कमी राखावे, असे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिले होते. पण तो कायदा माझ्यासारख्या चार माणसांच्या शेडला लागूच नव्हता. कर्जासाठी मी जे अंदाजपत्रक दिले त्यात लोखंड, पत्रा, मजुरी एवढेच रकाने होते. बँकांनी आणि अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांनी त्यात छताखालच्या थराचा रकाना घालावा, ही माझी विनंती आहे. आणि आम्ही शेड बांधणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला आधी विचारावे. मी स्वतः कितीतरी गोठे आणि गोदामे न विचारता उघड्या पत्र्याची बांधून दिली आहेत.

सध्या मोटार रिवायंडिंग करणाऱ्या एका तरुणाची शेड चालू आहे. पर्लिन लागल्या, जाळी ताणून झाली. पत्रे अजून ट्रॉलीतच आहेत. अकोल्याहून लोकर आली की चढवू.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
अकोट, जि. अकोला