रेडिओ चार्ज करून ठेव

मनू,

काल तू ग्रीनलँडला निघालीस तेव्हा मी दारापर्यंतसुद्धा आले नाही, ते चुकलंच माझं. बाबा म्हणतायत बॅगेवरून भांडलात, पण बॅगेचं काही नव्हतं हे तुलाही माहितीये. असो. या पत्रात काळजीचं एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

दादाचा अ‍ॅटलास तू दुसरीत कात्रीने कापला होतास, आठवतंय? मी जाम ओरडले, आणि तू रडत रडत दक्षिण अमेरिका आफ्रिकेला लावून दाखवलीस, आई बघ ना, बसतंय! त्या जर्मन शास्त्रज्ञाने, वेगेनरनेही हेच बघितलं आणि १९१२ मध्ये सांगितलं की खंडं आधी एकत्र होती आणि मग सरकत गेली, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पटायला १९६० चं दशक उजाडलं. अटलांटिक अजूनही वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटर रुंद होतोय, म्हणजे तू जन्मल्यापासून ६५ एक सेंटीमीटर झाला असेल.

पण तो वेगेनर गेला ग्रीनलँडमध्येच गं. १ नोव्हेंबर १९३०, त्याचा पन्नासावा वाढदिवस, त्या दिवशी बर्फाच्या मधल्या कॅम्पवरून परत निघाला आणि पोचलाच नाही, पुढच्या मे महिन्यात बर्फात सापडला. त्यालाही तीन मुली होत्या. म्हणून सांगते, कॅम्पपासून एकटी लांब जायचं नाही, हवा स्वच्छ दिसली तरी नाही, आणि रेडिओ रात्रीच चार्ज करून ठेवायचा, सकाळी बघू म्हणायचं नाही, तुझी ती सवय... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

दुसरं लिहिते. ग्लॉसोप्टेरिस, खंडं एकत्र होती तेव्हाचं ते नामशेष झाड, त्याच्या पानांचे ठसे भारतात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, सगळीकडे मिळतात ना, तसे अंटार्क्टिकातले दक्षिण ध्रुवावर गेलेल्या स्कॉटच्या माणसांनी गोळा केले, जीव जात असतानाही १६ किलो दगड टाकले नाहीत. दगड मिळाले, माणसं तंबूत गोठलेली. बघ, परत तिथेच आले.

तू म्हणालीस ग्रीनलँडच्या बर्फात आशियातल्या वाळवंटाची धूळ असते, रोमन लोकांनी धातू वितळवले त्या धुरातलं शिसं असतं, तेव्हा मी फोनवर नुसतं हं म्हटलं. मग रात्रभर झोपले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी एका खंडावर पेटलेल्या भट्टीचा धूर दुसरीकडच्या बर्फात, आणि तो माझी मुलगी हातात घेऊन बघणार! सगळ्यांना सांगत सुटलेय. तुलाच तेवढं सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावर आर्क्टिक सुरय दिसतील, जेमतेम शंभर ग्रॅमचा पक्षी, दरवर्षी तिथून अंटार्क्टिकाला जाऊन परत येतो, ७०,००० किलोमीटरच्या आसपास उडतो. दिसले की फोटो पाठव. त्या फोटोत शेजारी कुणीतरी उभं असलेलं मला दिसलं पाहिजे, एवढंच.

आई