गिरणी जपताना नदीचाही हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारसा म्हटलं की आपल्याकडे किल्ले, वाडे, लेणी, मंदिरं यांचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण जिथे पंचक्रोशीचं दळण झालं त्या जागांबद्दल फार कमी वाचायला मिळतं. मी मूळची छत्रपती संभाजीनगरची. बरीच वर्षं अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, विलामेट नदीच्या खोऱ्यात राहते. या खोऱ्यात शेड नावाच्या लहानशा गावाजवळ, कॅलापूया नदीच्या काठी १८५८ साली सुरू झालेली एक पिठाची गिरणी आहे. आज ती 'थॉम्प्सन्स मिल्स' म्हणून ओळखली जाते. २००४ साली ओरेगन सरकारने ती विकत घेतली आणि राज्याचं वारसास्थळ म्हणून जपली. जपताना सरकारने काही गोष्टी राखल्या आणि एक मोठी गोष्ट जाणूनबुजून सोडून दिली. त्या सोडण्याबद्दल आपल्या वाचकांना सांगावं, म्हणून हे पत्र.

आधी थोडा इतिहास. १८४० च्या दशकात मिसूरीहून बैलगाड्यांचे तांडे निघायचे आणि तीन हजारांवर किलोमीटर चालून या खोऱ्यात पोचायचे. पुढे १८५० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदाच केला. आधीच येऊन राहिलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन मिळू लागली. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. इथे कॅलापूया लोक राहत होते. ते दरवर्षी माळरानं पेटवून गवत ताजं ठेवत, कॅमास नावाचे कंद जमिनीत भट्टी करून भाजत, त्यावर त्यांचा हिवाळा निघे. १८३० च्या दशकात हिवतापाच्या साथीने त्यांच्यातले बहुसंख्य लोक गेले. उरलेल्यांकडून १८५५ च्या तहाने जमीन घेतली गेली आणि त्यांना ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात हलवण्यात आलं. त्यानंतर तीनच वर्षांनी ही गिरणी उभी राहिली. नदीला मात्र आजही त्या लोकांचंच नाव आहे. गिरणीची गोष्ट सांगताना हा भाग वगळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वसाहतकारांची हिंमत खरी होती, आणि ज्यांची जमीन गेली त्यांचं जाणंही तेवढंच खरं होतं.

आलेल्या लोकांनी पेरला तो गहू. हातात पैसा इतका कमी होता की १८४५ साली इथल्या हंगामी सरकारने गव्हालाच कायदेशीर चलन म्हणून मान्यता दिली. किराणा, मजुरी, उधारी, सगळं गव्हात. पण गहू नुसता खाता येत नाही. दळायला दूर ओरेगन सिटीपर्यंत जायचं, नाहीतर घरातल्या हाताच्या दळणीवर जीव काढायचा. त्यात १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, खाणींकडे माणसांची रीघ लागली आणि पिठाला एकदम भाव आला. रिचर्ड फिन्ली या गिरणीवाल्याने याच नदीवर आणखी वरच्या अंगाला आधीच एक गिरणी घातली होती. त्याने भागीदारांबरोबर ही दुसरी उभारली. तिचं मूळ नाव बॉस्टन मिल्स. ओरेगन हे राज्य म्हणून अमेरिकेत सामील झालं १८५९ मध्ये, म्हणजे गिरणी राज्यापेक्षा एका वर्षाने मोठी. १८६२ साली ती आगीत जळाली आणि लगेच पुन्हा बांधली गेली. शेजारी बॉस्टन नावाचं गावही वसलं होतं, पण १८७१ मध्ये रेल्वे दोन-अडीच किलोमीटर पश्चिमेकडून गेली आणि गावातले लोक रुळांच्या दिशेने शेडला निघून गेले. गिरणी तिथेच राहिली. तिचं पाणी तिथे होतं.

पुढे ती थॉम्प्सन कुटुंबाकडे आली आणि त्यांच्या तीन पिढ्यांनी चालवली. मोठ्या शहरांतल्या गिरण्यांपुढे पिठाचा धंदा टिकेना, तेव्हा १९४० च्या दशकात त्यांनी जनावरांचं खाद्य काढायला सुरुवात केली. आज गिरणीच्या चहूबाजूंना गहू फारसा दिसत नाही. मैलोगणती शेतांत गवताचं बियाणं पिकतं, जे जगभरच्या हिरवळींसाठी जातं. पीक बदललं तरी गिरणीतली यंत्रं जागची हलली नाहीत, हे आपलं भाग्य. कारण मालकांनी जुनं काढून भंगारात घालण्याऐवजी नवं शेजारी बसवलं. दगडी तळ्या, म्हणजे जात्याच्या दगडांसारखे मोठे गोल दगड आहेत, त्यांच्यानंतरचे दळणारे लोखंडी रूळ (रोलर) आहेत आणि खाद्याची यंत्रंही आहेत. दीडशे वर्षांत दळणाची पद्धत कशी बदलत गेली ते एकाच छपराखाली पाहता येतं.

पाहायला येणारे बहुतेक जण बाहेर पाणचक्कीचं मोठं उभं चाक शोधतात. ते इथे नाही. नदीचं पाणी चरीतून इमारतीखाली येतं आणि तिथे बुडालेल्या लोखंडी टर्बाइनला फिरवतं. मार्गदर्शक एक हातचाक हळूहळू फिरवून पाण्याची झडप उघडतो. आधी पायाखालच्या फळ्या थरथरतात, मग उभा शाफ्ट फिरू लागतो, दात्यांना दाते भिडतात, आडव्या शाफ्टवरच्या पुल्या गती घेतात आणि डोक्यावरून गेलेले रुंद पट्टे सळसळायला लागतात. धान्य वर न्यायला पट्ट्याला जोडलेल्या लहान लहान वाट्या आहेत. त्या तळमजल्यावर धान्य उचलतात आणि वरच्या मजल्यावर ओततात. तिथून लाकडी नळांतून ते आपल्या वजनाने खाली उतरतं. वाटेत चाळण्या, पंखे आणि रूळ. ही व्यवस्था ऑलिव्हर एव्हान्स या अमेरिकन यंत्रज्ञाची. १७९० साली त्याला तिचं पेटंट मिळालं आणि ते अमेरिकेचं फक्त तिसरं पेटंट होतं. पोती खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या हमालांची गरज त्याने संपवली. कारखान्यात माल एका टोकाला घालावा आणि हात न लावता दुसऱ्या टोकाला निघावा, ही कल्पना जगाने पिठाच्या गिरणीतून उचलली आहे.

जुन्या काळच्या फ्रेंच तळ्या जवळून पाहण्यासारख्या असतात. त्यांचा दगड पॅरिसच्या पूर्वेकडच्या खाणींतला, गारेसारखा कठीण आणि सच्छिद्र. अखंड एवढा मोठा मिळत नसे म्हणून तुकडे घडवून एकमेकांना बसवायचे आणि बाहेरून लोखंडी कडी तापवून चढवायची. तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत चऱ्या पाडलेल्या असतात. दोन तळ्यांच्या चऱ्या एकमेकींवरून कात्रीसारख्या जातात, गहू कापला जातो आणि पीठ बाहेरच्या दिशेने सरकतं. चऱ्या झिजल्या की दळण तापतं आणि पीठ बिघडतं. म्हणून वरची तळी उचलून टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने चऱ्या पुन्हा पाडायच्या. आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे दारोदार फिरत, अगदी तेच काम.

आता मुख्य मुद्दा. गिरणीला १८५८ पासूनचा पाणीहक्क होता, आणि इथल्या कायद्याने ज्याचा हक्क जुना त्याचा पहिला मान. उन्हाळ्यात नदी आटली तरी गिरणी आपलं पाणी घेऊ शकत होती. १९८० च्या दशकात नंतरच्या मालकाने या पाण्यावर वीज काढून वीजकंपनीला विकायला सुरुवात केली. दळणाला पाणी लागतं काही तास, विजेला लागतं रात्रंदिवस. त्यात पूर टाळण्यासाठी पूर्वी खणलेल्या सोडम नावाच्या चरीत नदीचं बहुतेक पाणी वळलं होतं, आणि गिरणीच्या बाजूला ते ढकलण्यासाठी बंधारे घातले होते. समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या स्टीलहेड आणि चिनूक माशांची वाट त्या बंधाऱ्यांनी अडली. १९९९ मध्ये या खोऱ्यातले हे दोन्ही मासे केंद्राच्या कायद्याखाली संकटग्रस्त ठरले.

सरकारने इमारत घेतली ती या पाणीहक्कासकट, आणि मग त्यातलं बरंचसं पाणी नदीला परत दिलं. वीज विकून येणारं उत्पन्न सोडलं. यंत्रं फिरवून दाखवण्यापुरतं पाणी ठेवलं, आणि तेही नदीत असेल तेव्हाच. २०११ साली सोडम आणि शिअरर हे दोन्ही बंधारे काढण्यात आले. यावर 'चालती गिरणी माशांसाठी बंद पाडली' अशी टीका मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. गिरणीने नदीकडून दीडशे वर्षं पाणी घेतलं. तिचं रोजचं काम संपल्यावर पाणी धरून ठेवण्याचा हक्क कागदावर कितीही जुना असला, तरी गरज उरली नव्हती. उलट पाणी पूर्ण तोडलं असतं तर ते पट्टे आणि पुल्या नुसत्या मांडून ठेवलेल्या वस्तू झाल्या असत्या. थोडं पाणी ठेवून गिरणी फिरती राखणं आणि बाकीचं नदीला देणं, हा निर्णय मला अतिशय समंजस वाटतो.

हे लिहिताना माझ्या डोक्यात आमच्या गावची पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारची ती अठराव्या शतकातली चक्की दर्ग्यातले फकीर, प्रवासी आणि विद्यार्थी यांच्यासाठी धान्य दळायची. तिचंही उभं चाक नाही. उंचावरून पडणारं पाणी खालच्या आडव्या लोखंडी पात्यांवर येतं आणि वरचा दगड फिरतो. हौद, कारंजं, वड पाहून लोक परततात. पण तिचा खरा जीव डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यात आहे. त्या नहरीचे मैलच्या मैल जमिनीखाली आहेत, शहर त्यांच्यावर वाढत चाललं आहे. जपणूक करायची ती हौदापाशी थांबून चालणार नाही. उगमापासून चक्कीपर्यंतची सगळी नहर एकच वास्तू धरून तिची मोजणी व्हावी, तिच्या वाटेवरच्या बांधकामांना परवानगी देताना ती नकाशावर दिसावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

दुसरी मागणी लहान आहे, पण वेळ कमी आहे. खेड्यापाड्यांत तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आपल्या पिढीने पाहिल्या. साताऱ्याच्या कूपरची किंवा किर्लोस्करांची इंजिनं, हँडल मारून सुरू व्हायची, आणि धुराड्यावर ठेवलेल्या डब्याचा 'कुक् कुक्' आवाज शिवारात गेला की बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या. वीज आली, घरघंटी आली आणि ही इंजिनं भंगारात निघाली. एखाद्या तालुक्यात एखादं अजून चालू स्थितीत असेल तर ते चालवणारा माणूसही असेल, आणि दगडाला टाकी लावता येणारे हातही असतील. आपल्या जिल्हा पुरवण्यांनी वाचकांकडून अशा गिरण्यांची माहिती मागवावी: गाव, इंजिनाचा प्रकार, चालवणाऱ्याची हकीकत, आवाजाची ध्वनिफीत. ते संकलन एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे सोपवता येईल. त्याच्या लिप्यंतरणात आणि नोंदीकरणात मी इथून मदत करायला तयार आहे.

मुलांकडे पोर्टलंड परिसरात येणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना: शहरापासून दक्षिणेला सुमारे दीड तासावर, ९९ई रस्त्याने शेडला उतरून पूर्वेकडे वळलं की गिरणी लागते. यंत्रं फिरताना पाहायची असतील तर उन्हाळ्याच्या अखेरीस जाऊ नका, नदीला पाणी असताना जा आणि आधी फोन करून विचारा.

आपली,
एक वाचक
कॉर्व्हॅलिस, ओरेगन